वरचा ठोका

किल्लीवाल्यानं पाण्याच्या ग्लासात नळी बुडवली, डोळे मिटले आणि बुडबुडे सोडत सूर खालून वर चढवायला घेतला. पहिली पायरी बरी गेली. दुसरीही गेली. तिसरीवर आवाज जरा खाली घसरला आणि तेवढ्यात छतावर ठोका पडला. ठक्!

त्यानं डोळे उघडून वर बघितलं.

"कळलं, कळलं," तो छताला म्हणाला. मग मिशीला लागलेलं पाणी पुसून नळी पुन्हा तोंडात धरली आणि पहिल्या पायरीपासून निघाला.

पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत घर, अशी त्याची जागा होती. दुकानात भिंतभर कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या. मागच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर वरच्या बाईंची खोली. वरच्या बाई एकट्या राहायच्या, ऐंशीच्या घरात होत्या आणि जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडून रिटायर झाल्या होत्या. त्यांच्यात आणि किल्लीवाल्यात बोलणं नव्हतं. फार वर्षांपूर्वी त्यांच्या मोरीचं पाणी याच्या छतातून गळलं होतं आणि त्यावरून जिन्यात जे भांडण झालं होतं, ते सगळ्या इमारतीनं दारं किलकिली करून ऐकलं होतं. त्यानंतर पाणी गळायचं थांबलं, पण अबोला तसाच राहिला. किल्लीवाल्याची बायको गेली त्या दिवशी झाडून सगळी इमारत त्याच्या घरी येऊन गेली. वरच्या बाई तेवढ्या आल्या नाहीत. हे मात्र त्यानं मनात पक्कं धरून ठेवलं होतं.

आणि आता या वयात तो गाणं शिकत होता. गाणं आणि किल्लीवाला! दोघांचा छत्तीसचा आकडा. तो कधी चुकून गुणगुणायला लागला की बायको आतून ओरडायची, "अहो, नका ना! कुलपं गंजतील." मुलगी लहान असताना कानांवर हात ठेवून घरभर पळायची. तोही हसून गप्प बसायचा. गाण्यावाचून काही अडत नव्हतं.

अडलं ते मुलीमुळेच. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. चौथा महिना लागल्यावर एकदा ती दुकानात आली, स्टुलावर टेकली, आणि जुन्या किल्ल्यांच्या डब्यात उगाच बोटं फिरवत म्हणाली,

"बाबा, आई मला निजवताना काहीतरी म्हणायची ना? बिनशब्दांचं. नुसतं ऊं ऊं करून."

"म्हणायची की. तिची स्वतःची चाल होती ती. तिनंच केलेली."

"मला नीट आठवतच नाही हो. सुरुवात आठवते. मग हळूहळू वर जायचं, आणि मग मला झोप लागायची. शेवट कसा होता, काही पत्ता नाही." तिनं एक किल्ली उचलून परत डब्यात टाकली. "बाळाला म्हणावंसं वाटतं. तुम्हाला येते का?"

किल्लीवाल्यानं तोंड उघडलं. चाल डोक्यात अगदी स्वच्छ वाजत होती, बायकोच्याच आवाजात. त्यानं ती बाहेर काढायचा प्रयत्न केला. जे बाहेर आलं ते ऐकून मुलगी आधी हसली, मग तिचे डोळे भरले, आणि मग "जाऊ दे, बाबा" म्हणत तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

ते "जाऊ दे" त्याला फार लागलं. बायकोच्या साड्या वाटून झाल्या होत्या, फोटो दोन घरांत गेले होते, पण ही चाल फक्त त्याच्या डोक्यात होती. ती कागदावर उतरवता येत नव्हती आणि तोंडानं निघत नव्हती. तो गेला की तीही जाणार. मग आपल्या बायकोचा आवाज या जगातून कायमचाच गेला, असं मनात येऊन त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सायकलच्या दुकानावरच्या खोलीत गाण्याचा क्लास घेणारी एक मुलगी होती. वयानं त्याच्या मुलीएवढीच, पण तो तिला मास्तरीणबाई म्हणायचा. क्लासच्या दाराची किल्ली तिच्या हातून कुलपातच मोडली, म्हणून तिनं त्याला बोलावलं होतं. मोडका तुकडा काढून झाल्यावर तो हत्यारं आवरायचं सोडून तिथंच घुटमळला. शेवटी एकदाचं त्यानं विचारलं. तिनं कीबोर्डवर एक पट्टी दाबून त्याला तो सूर म्हणायला सांगितला. मग आणखी एक.

"सूर कानात आहे तुमच्या," ती म्हणाली. "तुम्ही चुकता तेव्हा तुमचाच चेहरा वाकडा होतो. पण गळ्यातून येत नाही."

"म्हणजे किल्ली आहे, कुलूप गंजलंय."

"अगदी. मग तुम्ही काय करता अशा वेळी?"

"तेल घालून ठेवतो. घाई करत नाही. जोर लावला की किल्ली मोडते, तुमची मोडली तशी."

"मग झालं तर! मला वेगळं काय सांगायचंय?" मास्तरीणबाई हसली.

सुरुवातीला तिनं त्याला गाऊच दिलं नाही. नुसता श्वास. पोटावर हात ठेवून आत घ्यायचा आणि दातांमधून "स्स्स" करत बारीक, सारखा सोडायचा. किल्लीवाला कानशीनं किल्ली घासता घासता हे करायचा. गिऱ्हाईक दारात थबकायचं आणि रस्त्यावर बघून विचारायचं, "काका, कुणाची गाडी पंक्चर झाली का हो?" मग ओठांची फुर्रफुर्र आली. ओठ सैल सोडून घोड्यासारखं फुरफुरायचं आणि तसंच सुरात वरखाली जायचं. शेजारचा चांभार दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "तब्येत बरी आहे ना? नाही, घरात एकटाच असतोस, म्हणून विचारलं." त्यानंतर ग्लासातली नळी. मग ओठ मिटून "म्". मग आ, ए, ई, ओ, ऊ, पाच पायऱ्यांची शिडी, एकेक पायरी चढायची आणि उतरायची. चढणं त्याला लवकर जमलं, उतरताना मात्र तो दर खेपेला घसरायचा.

"उतरताना सगळेच सैल पडतात," मास्तरीणबाई सांगायची. "वाटतं, आता काय, झालंच. तिथंच सूर सुटतो. शेवटच्या पायरीपर्यंत श्वास धरून ठेवा."

वरच्या बाईंच्या काठीचे ठोके पहिल्या दिवसापासूनच सुरू झाले होते. तेव्हा तर एकही सूर त्यातून सुटत नव्हता. ठक्, ठक्, ठक्. किल्लीवाल्याचं डोकं फिरायचं. स्वतःच्या घरात माणसानं तोंड उघडायचं नाही की काय! एकदा तर तो चप्पल पायात घालून जिन्यापर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला. इतक्या वर्षांचा अबोला असा मोडायचा, तेही गाण्याच्या पायी, हे काही त्याला बरं वाटेना.

पण पुढं पुढं एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. कुलपाची मधली खिट्टी बरोबर कुठल्या दातावर अडते, हे बोटांनी ऐकायची त्याला सवय. ठोके कुठं पडतात, हेही त्यानं तसंच ऐकलं. सूर खाली बसला की ठोका. सूर जाग्यावर असला की शांतता. त्यानं मुद्दाम एक सूर बेसूर लावून बघितला. ठक्! परत नीट लावला. काही नाही. परत बेसूर. ठक्, ठक्! या वेळी दोन, म्हणजे बाईंनाही चेष्टा कळली होती. किल्लीवाला खाटेवर बसला आणि पोट धरून हसला.

तेव्हापासून त्याचा रियाज ठोक्याच्या धाकात सुरू झाला. मास्तरीणबाई आठवड्यातून एकदा भेटायची, वरच्या बाई रोज. त्याबद्दल त्यानं कुणाकडे चकार शब्द काढला नाही. वर जाऊन आभार मानायचे तर भांडण मिटवावं लागलं असतं, आणि ते तर बाईंनी मिटवायचं होतं. पाणी त्यांचं गळलं होतं! पण एखाद्या सकाळी सगळी शिडी चढून उतरून झाली आणि छत गप्प राहिलं, की तो दिवसभर खुशीत असायचा. गिऱ्हाइकाशी घासाघीससुद्धा करायचा नाही.

ठोके कमी होत गेले. मुलीचं पोट वाढत गेलं. मग एके दिवशी मास्तरीणबाई म्हणाली, "आता तुमची ती चाल घ्या." किल्लीवाल्यानं घाबरत घाबरत घेतली. चाल आली! थरथरत आली, पण तीच होती. त्याच्या स्वतःच्या गळ्यातून, त्याच्या स्वतःच्या कानांना ओळखू आली. शेवटी चाल वर चढत चढत एका उंच सुरावर जाऊन थांबायची. तिथंपर्यंत तो पोचला आणि श्वास संपला म्हणून खाली बसला. मास्तरीणबाईनं कीबोर्डवरून हात काढून घेतले होते. ती खिडकीबाहेर बघत होती.

"चुकलं का?" त्यानं विचारलं.

"चाल मला माहीत नाही हो. पण सूर एकही खोटा नव्हता."

त्या संध्याकाळी त्यानं मागच्या खोलीत उभं राहून चाल म्हटली. सुरुवात झाली, मध्य झाला, छत गप्प. तो शेवटच्या उंच सुराकडे निघाला. ठक्!

त्यानं परत म्हटली. परत त्याच जागी, ठक्. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सूर बरोबर होता, मास्तरीणबाईनं मोहोर मारलेली होती, मग ही काठी कशाला? उंच सूर त्यानं हळू लावून बघितला, लांबवून बघितला, ओठ मिटून बघितला. बाईंचं एकच. शेवटी एका संध्याकाळी त्याचा तोल सुटला. खाटेवर चढून छताकडे तोंड करून तो ओरडला,

"बाई, ही माझ्या बायकोची चाल आहे! तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

वरून काहीही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चाल म्हटली आणि उंच सुरावर जाऊन वाट बघत थांबला. शांतता. दुपारी दुकान जरा बंद करून परत म्हटली. शांतता. संध्याकाळी तर त्यानं घसा मोकळा करून, हात पसरून म्हटली. छत गप्प! नमली म्हातारी, तो मनात म्हणाला, आणि त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्यानं मुलीला फोन लावला.

"जमली! सगळी जमली. रविवारी ये."

"खरंच, बाबा?"

"अगं, वरच्या बाईंनीसुद्धा हरकत घेतली नाही. आता बोल!"

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डबेवाली त्याच्या दुकानात आली. वरच्या बाईंना रोज दुपारी डबा द्यायचं काम तिचं. दाराच्या कडीला डबा अडकवायचा आणि आदल्या दिवशीचा रिकामा घेऊन जायचा, अशी पद्धत. आज तिच्या एका हातात आजचा डबा होता आणि दुसऱ्या हातात कालचा. कालचा जड होता.

"किल्लीवाले, जरा वर चला," ती म्हणाली. "बाई दार उघडत नाहीत."

त्यानं हत्यारांची पिशवी उचलली. तो जिना चढायला लागला. नमली म्हातारी, असं आपण काल म्हणालो होतो, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

दाराचं कुलूप त्याच्या हातचं नव्हतं. भांडणानंतर बाईंनी ते दुसऱ्या कुणाकडून बसवून घेतलेलं, आणि तेही तिरकं. एरवी तो ते बघून मनातल्या मनात खूश झाला असता. आज त्याची बोटंच थाऱ्यावर नव्हती. तार आत जाईना. त्यानं पोटावर हात ठेवला, श्वास आत घेतला आणि दातांमधून बारीक सोडला, "स्स्स". हात स्थिर झाला. कुलूप उघडलं.

बाई खाट आणि खुर्ची यांच्या मध्ये एका कुशीवर पडल्या होत्या. गाल फरशीला लागलेला. डोळे उघडे होते. डबेवाली "अगं बाई!" म्हणत पाणी आणायला धावली. किल्लीवाल्यानं फोन करून हॉस्पिटलची गाडी बोलावली, उशी आणली, पण त्यांना हलवायची भीती वाटून नुसती डोक्याखाली सरकवली. काठी कपाटाखाली घरंगळून गेली होती. तिच्या टोकाचं रबरी बूच खिडकीत काढून ठेवलेलं होतं, आणि खुर्चीपुढची सतरंजी गुंडाळून बाजूला सारलेली होती, म्हणजे काठी थेट फरशीवर वाजावी. हे सगळं त्याला एका नजरेत दिसलं.

बाईंचे ओठ हलले. तो गुडघे टेकून वाकला.

"शेवट चुकला," बाई म्हणाल्या.

"बोलू नका, बाई. गाडी येतेय."

"काल कितीदा म्हणालात. दर वेळी चुकलात." त्यांनी दम घेतला. "काठी... हाताला येईना."

किल्लीवाल्याला रडू फुटलं. ही बाई इथं पडून होती आणि तो खाली हात पसरून गात होता. ती ऐकत होती, आणि तो शांततेला शाबासकी समजत होता.

"मला वाटलं जमलं, बाई," तो म्हणाला.

"छे." त्यांनी डोळे मिटले. "वर जाऊन थांबत नाही ते. खाली येतं."

मग गाडी आली, आणि बोलणं तिथंच राहिलं.

बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. त्यांचं जवळचं असं कुणी नव्हतं, तेव्हा किल्लीवाला रोज दुकान बंद करून हॉस्पिटलात जाऊ लागला. मुलीला त्यानं "रविवारी नको, मी सांगेन तेव्हा ये" एवढंच कळवलं. पहिले काही दिवस बाई गुंगीतच असायच्या. तो खुर्चीवर बसून राहायचा आणि परत यायचा. एक दिवस तो गेला तर त्या उशांना टेकून बसल्या होत्या आणि सिस्टरला चहा पाण्यासारखा झाल्याबद्दल झापत होत्या. किल्लीवाल्याच्या जिवात जीव आला.

तो बसला. इतक्या वर्षांनी असं समोरासमोर बसून बोलायची दोघांनाही सवय नव्हती. शेवटी त्यानं मनातलं काढलं.

"बाई, ती चाल मला चांगली आठवते. ती वरच जाते."

"आठवणार कशी? तुम्ही घोरत असायचात."

त्याला त्या रात्री आठवल्या. दिवसभर उभं राहून तो दमून यायचा, मुलीच्या शेजारी आडवा व्हायचा, बायको खाटेच्या कडेला बसून सुरू करायची. चाल चढायला लागायची... आणि मग? मग सकाळ व्हायची. तो शेवट त्यानं कधी ऐकलाच नव्हता! गेल्या इतक्या वर्षांत कधीतरी, नकळत, त्यानं तो स्वतःच करून लावला होता आणि तिच्या आवाजात ऐकला होता. त्याला एकदम फार एकटं वाटलं. आपल्याजवळ ती जशीच्या तशी आहे, असं तो धरून चालला होता.

"आधी लेक झोपायची, मग तुम्ही," बाई म्हणाल्या. "तुमचं घोरणं मला वर ऐकू यायचं. ती थांबायची नाही. पुढं म्हणायची, सगळं संपेपर्यंत."

"कुणासाठी?"

"ते मला काय माहीत?" बाईंनी चादरीची घडी सारखी केली. "मला झोप कमी. एक्स्चेंजमध्ये रात्रपाळ्या करून करून गेलेली. संपलं की मी टाचेनं जमिनीवर एकदा ठक् करायचे. म्हणजे, ऐकलं, झोपा आता. मग ती दिवा मालवायची. तुमच्या खिडकीचा उजेड गेलेला मला वरून दिसायचा."

किल्लीवाल्यानं खुर्ची खाटेजवळ ओढली.

"पण आपलं तर भांडण होतं."

"भांडण तुमच्याशी होतं," बाई म्हणाल्या. "जिन्यात घसा फोडून ओरडलात तुम्ही. ती नाही. आम्ही दोघी कधी बोललो नाही, हे खरं. दिवसा कधी समोरासमोर आलो तर दोघीही माना खाली घालून जायचो. तुमचा मान राखायला."

"मग ती गेली तेव्हा आला का नाहीत?" हे विचारताना त्याचा आवाज चढला. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली.

"गुडघे," वरच्या बाई म्हणाल्या. "जिना उतरले असते, परत चढता आला नसता. काठी त्यानंतर घेतली." त्या थांबल्या. "खुर्चीत बसून होते दिवसभर. खाली सगळे रडत होते ते ऐकत. शेवटी टाचेनं एकदा ठक् केलं. तुम्हाला कुठलं ऐकू येणार त्या गलक्यात!"

किल्लीवाल्यानं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. त्याच्या बोटांना तेलाचा काळा रंग कायमचाच. बाईंनी तो बघितला, पण हात काढून घेतला नाही.

"चला," त्या म्हणाल्या. "शेवट घ्या."

त्यांचा आवाज म्हणजे नुसती हवा राहिली होती. पण सूर जाग्यावर होते. चाल चढली, उंच सुरापाशी आली, आणि तिथं थांबायच्या ऐवजी वळली. मग एकेक पायरी खाली उतरत, कुठंही घाई न करता, जिथून निघाली होती त्याच्याही खाली जाऊन अलगद बसली. किल्लीवाल्यानं म्हणून बघितलं. उतरताना तो घसरला. बाईंनी खाटेच्या लोखंडी कठड्यावर बोटानं वाजवलं. ठक्!

"उतरताना सैल पडू नका."

"मास्तरीणबाईपण हेच म्हणते."

"मग ऐकत का नाही दोघींचं?"

पुढचे दिवस अख्ख्या वॉर्डाला ती चाल पाठ झाली. एकदा त्यानं आवाज मोकळा करायला ओठांची फुर्रफुर्र सुरू केली तेव्हा सिस्टर धावत आली. "आजोबा, इथं घोडा आणायला परवानगी नाही," ती म्हणाली, आणि पलीकडच्या खाटेवरची बाई टाके दुखेपर्यंत हसली. ज्या दिवशी तो शेवटच्या पायरीवर न घसरता उतरला, त्या दिवशी कठड्यावर काही वाजलं नाही. त्यानं घाबरून बाईंच्या तोंडाकडे बघितलं. बाई चक्क हसत होत्या.

"आता लेकीला बोलवा," त्या म्हणाल्या.

मुलगी संध्याकाळी आली. दिवस भरत आले होते. जिन्याशिवायचं घर असूनही दारातल्या पायरीवर तिनं त्याचा हात धरला. मागच्या खोलीत खाटेवर ती कशीबशी आडवी झाली आणि पाय लांब करून सुस्कारा सोडला. बाहेर अंधारून आलं होतं. त्यानं दिवा लावला. मग टेबलावर फोन उभा करून ठेवला आणि नंबर लावला.

"कुणाला फोन?" मुलीनं विचारलं.

पलीकडून, हॉस्पिटलातल्या खाटेवरून, बाईंचा आवाज आला. आवाज बारीक होता, पण त्यात एकदम नोकरीतला ताठपणा आला होता.

"लाइन जोडली आहे. बोला."

मुलीनं डोळे मोठे करून बापाकडे बघितलं. त्यानं तिला सगळं आधीच सांगितलं होतं, तरी तिला हसू आवरेना.

"आज मी झोपणार नाही हं, बाबा," ती म्हणाली. "शेवट ऐकायचाच आहे मला."

"बरं."

किल्लीवाला खाटेच्या कडेला बसला. पोटावर हात ठेवला. श्वास घेतला. आणि सुरू केलं.

आवाज काही फार मोठा नव्हता आणि फार गोडही नव्हता. जरासा घोगराच होता. पण चाल सरळ निघाली. मुलीनं पहिल्या काही सुरांतच त्याच्या सदऱ्याची कड मुठीत पकडली, लहानपणी आईचा पदर पकडायची तशी. चाल चढायला लागली. ती डोळे ताणून जागी राहायचा प्रयत्न करत होती. एकदा पापणी पडली, तिनं ती परत उघडली. पुन्हा पडली. उंच सूर यायच्या थोडं आधी तिची मूठ सैल झाली.

त्यानं ते बघितलं. थांबावं, हलवून उठवावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मग तो तसाच पुढं गेला. उंच सुराला हात लावला, वळला, आणि एकेक पायरी उतरू लागला. आता झोपलेली मुलगी होती, तिच्या पोटातलं बाळ होतं, आणि टेबलावरचा फोन होता. बायको अशीच बसत असणार, याच जागी. शेवटच्या पायरीपर्यंत त्यानं श्वास धरून ठेवला आणि सूर अलगद खाली ठेवला.

खोलीत मुलीच्या श्वासाचा आवाज येत होता. फोनमधून काहीच येईना. बाईंनाही झोप लागली की काय, असं वाटून तो जरा वाकला.

ठक्. एकदाच.

किल्लीवाला उठला आणि त्यानं दिवा मालवला.